समासातली मुशी

‘बाळंतिणीला शार्क?’ असा प्रश्न माझ्या हस्तलिखिताच्या समासात लाल अक्षरांत आला, त्याला आता सहा वर्षं झाली. मंगळूरकडच्या एका कन्नड कथेचा मी मराठीत अनुवाद करत होते. कथेतली सासू नुकत्याच बाळंत झालेल्या सुनेसाठी बाजारातून मासा आणते, हळद-लसूण घालून तो शिजवते आणि अंगावर दूध यावं म्हणून तिला आग्रहानं भरवते. मूळ शब्द तुळू बोलीतला होता, ‘ताटे’. शब्दकोश म्हणाला शार्क, मी शार्क लिहिलं.

संपादकांचं बरोबर होतं. ‘शार्क’ म्हटल्यावर मराठी वाचकासमोर १९७५च्या ‘जॉज’मधला जबडा उभा राहतो, बाळंतिणीची खोली नाही. मी रत्नागिरीत वाढलेली. पंधरवड्यातून एकदा तरी घरात मोरीचं तिखलं व्हायचं. मोरी म्हणजे लहान शार्क हे मला ठाऊक होतं, पण अनुवाद करताना हात शब्दकोशाकडे गेला आणि जीभ मागे राहिली. मी शार्क खोडून ‘मोरी’ लिहिलं. त्याच झपाट्यात एक विशेषणही खोडलं. मुळात ‘लहान ताटे’ असं होतं. मोरी लहानच असते. ‘लहान मोरी’ म्हणजे पिवळा पीतांबर. वाक्य आटोपशीर झालं, संपादक खूश, मीही खूश.

ते खोडलेलं विशेषण मला परत भेटलं ते इथे, आनेकलमध्ये.

आनेकल समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. मंगळूर आणि चेन्नई दोन्ही इथून तीनशे-साडेतीनशे किलोमीटर. म्हणजे समुद्राचा वासही येऊ नये अशी जागा. तरी रविवारी सकाळी बाजारात थर्माकोलचे खोके उघडतात आणि दोन्ही किनारे एका फळीवर येतात. बांगड्याला कुणी बंगुडे म्हणतं, कुणी अयला. सुरमईला कुणी अंजल, कुणी वंजरम. होसूर पलीकडेच, त्यामुळे तमिळ गिऱ्हाईक भरपूर. कारखान्यांत काम करणारे मल्याळी आणि बंगाली आहेत, आणि माझ्यासारखे मराठी किरकोळ. ज्यांच्याकडून मी मासे घेते ते अण्णा प्रत्येकाशी त्याच्या भाषेतल्या नावानं बोलतात. तुलनात्मक साहित्यात एम.ए. करताना मला जे दोन वर्षांत नीट समजलं नव्हतं, ते त्यांच्या फळीवर पाच मिनिटांत समजतं: नाव बदललं की मासा बदलतो. वंजरम म्हणून विकली जाणारी सुरमई लग्नाच्या जेवणातली असते, अंजल म्हणून विकली जाणारी तव्यावरची.

दोनेक वर्षांपूर्वी त्यांच्या एका खोक्यात हातभर लांबीच्या मुश्या होत्या. मी सवयीनं म्हटलं, “लहान आहेत, मऊ असतील.” अण्णांनी त्यातल्या दोन उचलून शेजारी शेजारी ठेवल्या. “अक्का, ही लहान नाही. ही एवढीच होते. पण ही बघा,” म्हणत दुसरीचं डोकं माझ्याकडे वळवलं. ते हातोडीसारखं आडवं होतं. आमच्याकडे तिला कानमुशी म्हणतात. पूर्ण वाढली तर ती माणसाहून लांब होते. “ही पोर आहे,” अण्णा म्हणाले.

दोघी एकाच भावानं जाणार होत्या. मराठीत दोघी मोरीच. माझ्या अनुवादातली सासू कोणती मुशी घेऊन घरी आली, हे मूळ लेखिकेनं एका विशेषणात सुचवलं असेल किंवा नसेल. पण वाचकाला तो प्रश्न पडण्याची सोय मी काढून टाकली होती. हातोडी-डोक्याच्या मुश्यांमधली एक मोठी, पूर्वी आपल्या किनाऱ्यावर सर्रास मिळणारी जात आज आंतरराष्ट्रीय यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदलेली आहे. मुशी तारलीसारखी हजारोंनी अंडी सोडत नाही. वयात यायला तिला कित्येक वर्षं लागतात, बऱ्याच जातींत गर्भ पोटात महिनोन् महिने वाढतो, आणि मोजकी पिल्लं होतात. खुल्या समुद्रातल्या मुश्या आणि पाकटांची संख्या १९७०पासूनच्या अर्धशतकात ७१ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष ‘नेचर’मध्ये २०२१ साली प्रसिद्ध झाला. कारण एकच दिलं होतं, अतिमासेमारी.

तेव्हापासून मी समुद्रावरची पुस्तकं पुन्हा काढून वाचते आहे, आणि या वेळी माणसांऐवजी माशांचा माग ठेवते आहे. या वाचनात मला जे दिसलं ते माझ्या चुकीपेक्षा फारसं वेगळं नाही. आपल्या लाडक्या समुद्रकथांमध्ये समुद्राच्या लुटीची नोंद आहे. ती लेखकांनी केलेली आहे, ठळक अक्षरांत नसली तरी वाचता येईल अशी. वाचताना, शिकवताना आणि अनुवाद करताना आपण ती समासात ढकलतो, कारण आपल्याला समुद्राकडून माणसाच्या नियतीबद्दल काही ऐकायचं असतं.

हेमिंग्वेपासून सुरुवात करते, कारण मराठी वाचकाला तो घरचा आहे. १९५२ सालच्या त्या छोट्या कादंबरीचा पु. ल. देशपांड्यांनी केलेला अनुवाद ‘एका कोळियाने’ १९६५मध्ये आला. शीर्षक अप्रतिम आहे आणि अडचणीचंही. मराठीत कोळी म्हणजे मासेमार आणि कोळी म्हणजे जाळं विणणारा जीव. शाळेत शिकलेली, पुन्हा पुन्हा पडूनही न हरणाऱ्या कोळ्याची कविता त्या दोन शब्दांमागे ऐकू येते. पुस्तक उघडण्याआधीच वाचकाला कळतं की ही चिकाटीची गोष्ट आहे. इंग्रजी शीर्षकात म्हातारा आणि समुद्र असे दोघे समोरासमोर आहेत. मराठी शीर्षकात समुद्र नाही. कोळी आहे आणि न उच्चारलेलं जाळं आहे. गंमत अशी की सान्तियागो जाळ्यानं मासे मारतच नाही, तो गळ टाकतो. पु. लं.च्या शब्दकळेवर प्रेम करूनही मला म्हणावंसं वाटतं की त्या शीर्षकानं तीन पिढ्यांचं वाचन ठरवून टाकलं.

त्या चिकाटीच्या गोष्टीत शार्क खलनायक आहेत. म्हाताऱ्यानं तीन दिवस झुंजून मिळवलेला मार्लिन ते ओरबाडून खातात आणि किनाऱ्याला येतो तो सांगाडा. एवढं सगळ्यांना आठवतं. मी परिसंवादांत, वर्गांत, अनुवादकांच्या कार्यशाळांत विचारून पाहिलं आहे: या पुस्तकात शार्कचा कारखाना आहे, तो कुठे आहे? बहुतेकांना तो आठवत नाही. तो अगदी सुरुवातीच्या पानांवर आहे. खाडीच्या पलीकडे मारलेले शार्क नेले जातात, कप्पीनं वर ओढले जातात, यकृत काढलं जातं, पंख छाटले जातात, कातडं सोलून मांस खारवलं जातं. वारा फिरला की त्याचा वास गावात येतो. पुढे कळतं की कोळ्यांसाठी शार्कच्या यकृताच्या तेलाचं पिंप ठेवलेलं असतं आणि म्हातारा रोज त्यातलं कपभर तेल पितो. ज्या प्राण्याला कथानक दैत्य ठरवतं, तोच गावाच्या अर्थव्यवस्थेत कच्चा माल आहे आणि नायकाचं औषधही.

याहून महत्त्वाची जागा आणखी पुढे आहे. म्हातारा समुद्राला स्पॅनिशमधल्या स्त्रीलिंगी नावानं आठवतो, कारण त्याच्यावर माया करणारे तसंच म्हणतात. काही तरुण कोळी मात्र पुल्लिंगी रूप वापरतात, प्रतिस्पर्ध्याबद्दल बोलावं तसं. हे तरुण कोण? ज्यांच्याकडे मोटारबोटी आहेत ते. आणि बोटी कुठून आल्या? शार्कच्या यकृताला भाव होता त्या काळात. ही जागा प्रत्येक समीक्षक लिंगभेदाच्या आणि निसर्गाविषयीच्या भावनेच्या अंगानं उद्धृत करतो. मधला हिशेब वगळला जातो. मला तो हिशेबच त्या परिच्छेदाचा गाभा वाटतो: भाव आला, इंजिन आलं, आणि पाठोपाठ समुद्राचं व्याकरण बदललं. हे क्यूबापुरतं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात कॉड माशाचं तेल परदेशातून येईना, तेव्हा मद्रास, त्रावणकोर आणि मुंबईकडेही मुश्यांच्या यकृताचं तेल काढण्याचा उद्योग उभा राहिला होता.

मराठी अनुवादकाची इथे कोंडी होते. समुद्र, सागर, दर्या, सगळे पुल्लिंगी. खाडी, भरती, लाट स्त्रीलिंगी, पण ती समुद्राची माणसं झाली, समुद्र नव्हे. शिवाय सान्तियागो शार्कमध्येही फरक करतो: पहिला येतो तो माको, देखणा आणि निधडा, त्याच्याबद्दल त्याला आदर आहे, नंतर येणाऱ्यांचा त्याला तिटकारा आहे. ‘शार्क’ या एका शब्दाखाली हा भेद धूसर होतो. ‘मुशी’ लिहावं तर क्यूबाचा म्हातारा एकदम मिरकरवाड्याच्या बंदरात येऊन बसतो. मी स्वतः मुशी लिहिली असती असं आज छातीठोकपणे म्हणते. सहा वर्षांपूर्वी लिहिली नसती.

एक मोह मात्र मला टाळायला हवा. चौऱ्याऐंशी दिवस म्हाताऱ्याला मासा मिळत नाही, तेव्हा समुद्र रिकामा झाला होता असं वाचण्याचा. तसं नाही. त्याला सोडून दुसऱ्या होडीवर गेलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात तीन चांगले मासे मिळतात. हेमिंग्वेचा समुद्र भरलेला आहे. पर्यावरणीय समीक्षेचा उत्साह पुष्कळदा असा पुराव्याच्या पुढे पळतो आणि मग कुणी त्यावर विश्वास ठेवत नाही.

शेवट मात्र माझ्या बाजूनं आहे. भरतीच्या पाण्यात हेलकावणारा तो पांढरा सांगाडा पाहून एक पर्यटक बाई विचारते, हे काय? वेटर शार्कचं नाव घेतो. त्याला सांगायचं असतं की शार्कनी हे केलं. बाईला वाटतं हा सांगाडाच शार्कचा. ती शेपटीचं कौतुक करते. दोन भाषांच्या फटीत मारला गेलेला मासा मारणाऱ्याच्या नावानं ओळखला जातो. अनुवादाच्या चुकीवर संपणारी दुसरी इतकी प्रसिद्ध कादंबरी मला माहीत नाही.

तकषी शिवशंकर पिळ्ळै यांची ‘चेम्मीन’ त्यानंतर चार वर्षांनी, १९५६मध्ये आली. १९५७चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला आणि १९६५मध्ये रामू कार्याट यांच्या चित्रपटानं ती सगळ्या देशाला माहीत झाली. कथा सांगायची गरज नाही. कोळ्याची मुलगी करुत्तम्मा, मुसलमान व्यापारी परीकुट्टी, आणि समुद्रावर गेलेल्या नवऱ्याचा जीव किनाऱ्यावरच्या बायकोच्या पातिव्रत्यावर अवलंबून असतो ही श्रद्धा. कडलम्मा, समुद्र-आई, पाप सहन करत नाही. या श्रद्धेबद्दल स्त्रीवादी अंगानं पुष्कळ आणि चांगलं लिहिलं गेलं आहे. शीर्षकाबद्दल त्या मानानं कमी.

चेम्मीन म्हणजे कोळंबी. फोड केली तर ‘चेम्’ म्हणजे लाल आणि ‘मीन’ म्हणजे मासा, तोच मीन जो आपल्याला राशीत भेटतो. प्रेमकथेचं नाव कोळंबी का? मराठीत बोलताना आपण शीर्षक तसंच ठेवतो, त्यामुळे ते एखाद्या मुलीच्या नावासारखं ऐकू येतं. माझ्या एका मैत्रिणीला तर पुष्कळ वर्षं वाटत होतं की नायिकेचंच नाव चेम्मीन. १९६२मध्ये नारायण मेनन यांचा आणि २०११मध्ये अनिता नायर यांचा, असे दोन्ही इंग्रजी अनुवाद हे शीर्षक जपतात, आणि ते योग्यच आहे. पण मल्याळी वाचकाला ते उघडल्याबरोबर बाजाराचा वास येत असणार. आणि १९५६ साली तो बाजार बदलायला लागला होता. भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात १९५२मध्ये करार झाला आणि पुढच्या वर्षी कोल्लमजवळच्या नींडकरा इथे, कादंबरीच्या अलप्पुळा किनाऱ्यापासून थोडं दक्षिणेला, इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. यांत्रिक होड्या, बर्फ, शीतगृहं आली. हेतू चांगला होता, गरीब कोळ्यांचं जीवनमान सुधारण्याचा. पुढे परदेशात कोळंबीला भाव आला, आणि ती मिळवण्यासाठी समुद्राचा तळ खरवडणारे ट्रॉलर आले. कोळंबीबरोबर तळावरचं सगळंच वर येतं. त्यातलं नको ते मेलेलं परत फेकलं जातं. केरळात छोट्या कोळ्यांची आंदोलनं वर्षानुवर्षं चालली आणि १९८८मध्ये पावसाळ्यातल्या ट्रॉलिंगवर बंदी आली.

तकषींना हे सगळं दिसत होतं असा माझा दावा नाही. कादंबरी त्याआधीच्या किनाऱ्याची आहे. पण लोभ तिच्यात आहे. नायिकेचा बाप चेंपनकुंजू होडी आणि जाळ्यासाठी परीकुट्टीचं देणं बुडवतो, श्रीमंत होतो, आणि शेवटी वेडा होतो. म्हणजे कादंबरी लोभाला शिक्षा करते, ती एका माणसाच्या पापाची म्हणून. वीस वर्षांनंतरच्या ट्रॉलरमालकाला वेड लागलं नाही. कडलम्माच्या नीतिशास्त्रात त्याच्यासाठी कलमच नव्हतं. तो किनाऱ्यावर राहतही नव्हता, मग त्याच्या बायकोच्या पातिव्रत्यावर कोण नजर ठेवणार?

आणि शेवटचं दृश्य. करुत्तम्मा आणि परीकुट्टी यांची मिठीतली प्रेतं किनाऱ्याला लागतात, हे सगळ्यांना आठवतं. त्या रात्री नवरा पळनी एकटा समुद्रात गेलेला असतो तो मुशीच्या मागे. कादंबरी प्रेमिकांवर संपत नाही. दुसऱ्या एका किनाऱ्यावर गळ गिळलेली मेलेली मुशी वाहून येते, तिच्यावर संपते. चित्रपटाच्या आठवणीवर पोसलेल्या वाचकाला ती सहज निसटते. दोन खंडांतल्या, चार वर्षांच्या अंतरानं लिहिलेल्या दोन कादंबऱ्या: एकीच्या अखेरीस शार्क समजला गेलेला मासा, दुसरीच्या अखेरीस नजरेतून सुटलेली मुशी.

आता आपल्याकडे वळते, आणि इथे मला कमी उदार व्हावंसं वाटतं. मराठी कवितेत समुद्र भव्य आहे. सावरकरांनी १९०९मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर त्याला हाक मारली, कुसुमाग्रजांच्या कोलंबसानं त्याला आव्हान दिलं. दोन्ही कविता मला पाठ आहेत. दोन्हींत समुद्र हा बोलण्याचा विषय नसून बोलण्याचं निमित्त आहे. मायभूमी किंवा मानवी जिद्द हा विषय. संतांच्या अभंगांत मासा येतो तो पाण्याबाहेर तळमळणारा, म्हणजे देवावाचून तळमळणारा जीव. मासा म्हणून मासा भेटतो तो गद्यात, आणि तिथे तो पानात वाढलेला असतो. मासेखाऊ मराठी गद्य हा आपला एक खास प्रकार आहे. ओल्या बोंबलांचा कुरकुरीतपणा, आजीच्या हातचं कालवण, खरी सुरमई कशी ओळखावी. मी हे आवडीनं वाचते आणि दोनदा लिहिलंही आहे. पण त्यातली खंत पाहा: ‘आता तशी चव राहिली नाही.’ दोष चवीवर, पाट्यावरच्या वाटणावर, शहरावर जातो. तसा मासा राहिला नाही, हे वाक्य त्या गद्यात मला सापडत नाही.

लोकप्रिय गाण्याचंही तेच. शांता शेळके यांचं, हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेलं ‘मी डोलकर’ मराठी माणसाला झोपेतही म्हणता येतं. डोलकर म्हणजे काय, असं इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात विचारलं तर उत्तर आलं, होडीत डोलणारा. डोल हे जाळं आहे. ओहोटी-भरतीच्या प्रवाहात तोंड उघडं ठेवून रोवलेली ही मोठी पिशवी. पालघरपासून रायगडपर्यंतचा बोंबील मुख्यतः त्यातच येतो. तिचा शेपटाकडचा विणा बारीक असतो, त्यामुळे बोंबील-जवळ्याबरोबर पापलेटची आणि मुश्यांची पिल्लंही येतात. पारंपरिक ते निरागस, असं मला वाटायला आवडलं असतं. डोल ट्रॉलरइतकी विध्वंसक नाही, पण ती निवडही करत नाही, आणि ज्याचं घर त्या दिवसाच्या मासळीवर चालतं त्याला पिल्लं परत सोडायला सांगणं मला आनेकलमधून सोपं आहे.

या किनाऱ्याचे आकडे सरकारी दप्तरात आहेत, साहित्यात नाहीत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१९मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २.०१ लाख टन मासळी उतरली, ४५ वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी वादळांनी होड्या बंदरात अडकल्या होत्या, हेही खरं. पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारनं ५ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्बंध घातले. रत्नागिरी-सिंधुदुर्गात त्यावरून झालेली भांडणं माझ्या माहेरच्या गल्लीत अजून धुमसत आहेत, एकाच आळीतले दोन भाऊ दोन बाजूंना. सप्टेंबर २०२३मध्ये रुपेरी पापलेट राज्यमासा झाला. त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरली; पापलेटची १३५ मिलिमीटर. मी मोजून पाहिलं, माझा मोबाईल त्याहून लांब आहे. या सगळ्यात एक कादंबरी आहे हे माझ्या लेखक-मित्रांना मी सांगत असते. ते म्हणतात, तू लिही. मी अनुवादक आहे.

अमिताव घोष यांच्या ‘द हंग्री टाइड’मध्ये, २००४ सालच्या, हे काही अंशी घडलं आहे, म्हणून तिचा उल्लेख. सुंदरबनातली मोयना सांगते की वाघी कोळंबीचं बी धरायला आलेली नायलॉनची जाळी इतकी बारीक आहेत की इतर माशांची अंडीही त्यात जातात, पंधरा वर्षांत इथे मासा उरणार नाही. बंदी घालायला गेलं तर कोळंबीचा पैसा आडवा येतो. घोष त्या बियाण्याला बंगालीतलाच शब्द वापरतात, आणि तो शब्द पुन्हा ‘मीन’ आहे. मोयना हे ज्याला सांगते तो कनाई व्यवसायानं दुभाषी आणि अनुवादक. तो ऐकतो, आणि कादंबरी त्याच्या प्रेमाकडे वळते. घोष यांच्यासारख्या जागरूक लेखकाकडूनही हा मजकूर एका संवादाच्या पलीकडे जात नाही, यात त्यांचा दोष किती आणि कादंबरी या प्रकाराचा किती, हे मला ठरवता आलेलं नाही. कादंबरीला घटना लागते. मासा कमी होणं ही घटना नाही. ते न घडणं आहे, रोज थोडं थोडं.

शब्दानं काही होतं का, असं मला निराश होऊन विचारणाऱ्यांना मी गुजरातचं उदाहरण देते. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, शेकड्यांनी मारली जायची. तिला बांधायच्या पिंपावरून कोळी तिला ‘बॅरल’ म्हणत. २००१मध्ये तिला वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं; तिच्याआधी कुठल्याही माशाला ते मिळालं नव्हतं. पण कायदा समुद्रात पोहत नाही. २००४मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत मोरारी बापूंनी तिला ‘वहाली’ म्हटलं, बाळंतपणाला माहेरी आलेली लाडकी लेक. त्यानंतर जाळ्यात अडकलेल्या शेकडो देवमुश्या कोळ्यांनी स्वतःची जाळी कापून सोडल्या. महाराष्ट्रानंही २०१८मध्ये संरक्षित प्राण्यासाठी जाळं कापणाऱ्या कोळ्याला भरपाई देण्याची योजना आणली, कारण जाळं महाग असतं आणि नुसती माया परवडत नाही. बॅरलची वहाली झाली, हा मला माहीत असलेला सर्वांत यशस्वी अनुवाद. माझ्यातल्या समीक्षकाला त्यात खटकतंही: वाचण्यासाठी माशाला आधी मुलगी व्हावं लागलं. पीटर बेंचली यांनी ‘जॉज’ लिहून शार्कला राक्षस केलं आणि उरलेल्या आयुष्यात तिच्या संरक्षणासाठी काम केलं. तेही असंच, एका रूपकाची भरपाई.

माशाला मासा ठेवून लिहिता येतं का? रेचल कार्सन यांनी १९४१मध्ये आपल्या पहिल्याच पुस्तकात, ‘अंडर द सी-विंड’मध्ये, ते केलं. तिच्या मधल्या भागाचा नायक स्कॉम्बर नावाचा एक मॅकरेल, आपल्या बांगड्याचा अटलांटिकमधला चुलतभाऊ. अंड्यापासून त्याचा प्रवास सुरू होतो, आणि जाळी त्याच्या बाजूनं दिसतात. मी त्यातली काही पानं मराठीत करून पाहते आहे. आणि इथे मराठीनं मला अनपेक्षित हात दिला. इंग्रजीत माशाला ‘तो’ म्हणायचं की ‘ते’, हा निर्णय घ्यावा लागतो. ‘तो’ म्हटलं की लेखिकेवर भावुकतेचा आरोप येतो. मराठीत बांगडा ‘तो’च असतो आणि मुशी ‘ती’च, बाजारात, तव्यावर आणि समुद्रात. आमच्या व्याकरणात त्यांना वस्तू करण्याची सोयच नाही. तरी आम्ही ते करून दाखवलं, हे वेगळं.

कथासंग्रहाची दुसरी आवृत्ती यंदा निघते आहे. मुद्रितं आली तेव्हा मी त्या पानावर ‘मोरी’च्या आधी ‘लहान’ हा शब्द परत घातला. संपादक आता दुसरे आहेत, वयानं तरुण आणि नेटके. त्यांनी समासात लिहिलं, ‘द्विरुक्ती?’ मी उत्तरात ‘मुळात आहे’ एवढंच लिहून पान परत पाठवलं.